दाराशी दबा धरून बसलेले

(दारफळणीच्या सणापूर्वीच्या सभेसाठी अस्कर, बहरीन येथून ध्वनिमुद्रित करून पाठविलेल्या व्याख्यानाची लेखी प्रत)



दारफळणीचा सण तोंडावर आला आहे, तेव्हा आपल्या धर्मग्रंथांतील नीतिविचारावर काही बोलावे, अशी सूचना आपल्याकडून आली. मी रब्बी नाही आणि प्रवचनकारही नाही. इतिहासाचा वाचक आहे, आणि नोकरीच्या निमित्ताने ज्या गावी राहतो ते गाव या विषयाच्या अगदी उंबरठ्यावर आहे, एवढाच माझा अधिकार.

अस्कर हे बहरीनच्या पूर्व किनाऱ्यावरचे लहानसे गाव. एका अंगाला समुद्र, जवळच १९७१ पासून चालू असलेला अॅल्युमिनियमचा प्रचंड कारखाना, आणि गावात हजरत अलींचे सहकारी सअसआ बिन सूहान यांच्या नावाची जुनी मशीद. येथे सिनेगॉग नाही. बेटावरचे एकमेव सिनेगॉग मनामात आहे. डिसेंबर १९४७ मधील दंगलीत ते उद्ध्वस्त झाले आणि २०२१ साली तेथे पुन्हा शब्बाथची सामुदायिक प्रार्थना झाली. तोही इतिहास सांगण्याजोगा आहे. पण आज मला जायचे आहे ते त्याच्याही तीन-चार हजार वर्षे मागे.

बहरीनचे प्राचीन नाव दिल्मून. सुमेर आणि बाबेल येथील लोक या नावाने ज्या भूमीचा उल्लेख करीत, तिचे केंद्र हेच बेट होते, असे विद्वान मानतात. तांब्याचा व्यापार येथून चाले. ज्या उर नगराशी आपण अब्राहामाचे नाव जोडतो, त्याच नगरात एअ-नासिर नावाचा एक व्यापारी दिल्मूनहून तांबे आणीत असे, आणि त्याने हलका माल गळ्यात मारल्याबद्दल नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने केलेली मातीच्या पाटीवरची तक्रार आजही उपलब्ध आहे. नीतीचा प्रश्न हा ऋषिमुनींआधी गिऱ्हाइकाला पडतो, याचा हा चांगला पुरावा.

पण दिल्मून हा केवळ बाजार नव्हता. सुमेरी कथांत ती पवित्र भूमी आहे. तेथे सिंह मारीत नाही, लांडगा कोकरू पळवीत नाही. आणि निप्पूर येथे सापडलेल्या सुमेरी जलप्रलयकथेत, प्रलयातून वाचलेल्या झिउसुद्र राजाला देवांनी अमरत्व देऊन ज्या ठिकाणी वसविले, ते ठिकाण दिल्मूनच. म्हणजे आपल्या नोहाचा जो सुमेरी भाऊबंद, त्याचे घर या बेटावर. जेवणाच्या सुट्टीत मी ज्या समुद्राकडे पाहतो, त्याच्याकडे एके काळी प्रलयाची कथा सांगणारे लोक मृत्यूपलीकडचा किनारा म्हणून पाहत होते.

ही प्रलयकथा जगाला नव्याने कळली ती १८७२ साली. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ याने निनवे येथून आणलेल्या पाट्यांत ती वाचली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनच्या सभेत जाहीर केली. नौका, पशू, डोंगरावर टेकणे, पाखरे सोडून पाहणे, नंतरचा होम, सारे काही तेथे होते. तेव्हापासून एक वाद चालू आहे. काही म्हणतात, तोरा ही बाबेलची नक्कल. काही म्हणतात, दोहोंचा काडीचा संबंध नाही. मला दोन्ही मते आळशीपणाची वाटतात. कथा एकाच मुलखातल्या आहेत, हे उघड आहे. पाहावयाचे ते हे की, त्या कथेत माणसाला काय जागा दिली आहे.

अत्राहासीस नावाचे बाबेली काव्य आहे. त्यात आरंभी धाकटे देव कालवे खणतात आणि राबून राबून बंड करतात. मग थोरले देव एका देवाचा वध करून त्याचे रक्त मातीत कालवतात आणि माणूस घडवितात, कशासाठी, तर देवांचे कष्ट त्याने उपसावेत म्हणून. माणसे वाढतात, त्यांचा गलबला वाढतो, आणि एन्लिल देवाची झोप मोडते. तेवढ्यासाठी रोगराई, मग अवर्षण, अखेर महापूर. अत्राहासीस वाचतो, कारण एन्की देवाचा त्याच्यावर लोभ आहे आणि तो देवसभेची शपथ न मोडता कुडाच्या भिंतीला उद्देशून बेत सांगून टाकतो. प्रलयानंतर उपाशी देव होमाच्या वासाभोवती माश्यांसारखे जमतात. आणि पुढे माणसांची संख्या फार वाढू नये म्हणून काही स्त्रिया वांझ राहतील, एक राक्षसीण तान्ही बाळे हिरावून नेईल, अशी व्यवस्था ठरते.

आता आपले बेरेशीथ उघडावे. प्रलयाचे कारण तेथे गलबला नाही. पृथ्वी बिघडली आणि बळजोरीने भरली, हे कारण. आपल्या विद्वानांनी तल्मूदमध्ये पुढे जाऊन म्हटले आहे की, त्या पिढीने पुष्कळ पापे केली, पण तिच्या शिक्षेवर शिक्का बसला तो लुटालुटीमुळे. माणसाने माणसावर केलेला अन्याय हा विश्वाच्या बुडण्याला पुरेसा आहे, ही कल्पना आपण लहानपणापासून ऐकतो म्हणून आपल्याला साधी वाटते. अत्राहासीसच्या शेजारी ठेवली म्हणजे तिचे वजन कळते. आणि प्रलय ओसरल्यावर तोरा माणसांची संख्या आवरीत नाही. वाढा, पृथ्वी भरा, असा आशीर्वाद देते, आणि त्याच दमात माणसाच्या रक्ताचा हिशेब माणसाकडून मागते.

विश्रांतीचेही तेच. बाबेली काव्यात माणूस निर्माण होतो, तो देवांना विसावा मिळावा म्हणून. तोरेत परमेश्वर सातव्या दिवशी विसावतो, आणि तोच विसावा मालकाला, त्याच्या दासाला, दासीला, बैलाला आणि गाढवाला देतो. आपले पूर्वज कुलाब्याच्या किनाऱ्यावरील गावांत घाणे चालवीत होते, तेव्हा हिब्रू विसरले होते, पोथ्या हरवल्या होते, पण शनिवारी घाण्याचा बैल सुटा असे. शेजाऱ्यांनी त्यावरूनच त्यांना शनिवार तेली हे नाव दिले. ते नाव आपल्यापैकी काहींना कमीपणाचे वाटत असे. मला तर तो ताम्रपट वाटतो.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की, बाबेलकडे नीती नव्हतीच. तसे मुळीच नाही. त्यांच्या शुर्पू नावाच्या मंत्रसंग्रहात पापांची लांबच लांब यादी आहे. आईबापांचा अवमान, खोटी मापे, शेजाऱ्याच्या घरात शिरणे, हे सारे तीत आहे. आणि गिल्गमेशच्या काव्यात तर एक विलक्षण प्रसंग आहे. प्रलयानंतर एअ देव एन्लिलला खडसावतो की, ज्याचा अपराध त्यालाच शासन करायचे सोडून सर्वांना बुडविलेस कसे? ज्याचे पाप त्याच्या माथी, हे तत्त्व बाबेललाही ठाऊक होते. परंतु ते बोलतो कोण? एक देव, दुसऱ्या देवाला. माणूस तेथे नौकेत बसून आहे आणि रडतो आहे.

हाच प्रश्न बेरेशीथमध्ये पुन्हा येतो, सदोमच्या वेळी. निर्दोषाला दोषीबरोबर मारणार काय, असे तेथे विचारतो तो अब्राहाम, स्वतःला धूळ आणि राख म्हणवणारा माणूस. आणि विचारतो साक्षात परमेश्वराला. पन्नासांपासून दहापर्यंत तो घासाघीस करतो. आणि परमेश्वर उत्तर देत राहतो. मला विचाराल, तर बाबेल आणि तोरा यांतला खरा फरक मला येथे दिसतो. न्यायाचा प्रश्न देवसभेतून उठला आणि माणसाच्या तोंडी आला. नोहाने तो विचारला नव्हता. त्याने सांगितल्याप्रमाणे तारू बांधले आणि तो गप्प राहिला, आणि त्या मौनाबद्दल आपल्या पंडितांनी त्याला अब्राहामापेक्षा एक पायरी खाली बसविले आहे.

आता दाराकडे येतो. मनामाच्या पश्चिमेला, उत्तर किनाऱ्यावर, कलअत अल-बहरीन नावाची टेकडी आहे. १९५० च्या दशकापासून डेन्मार्कच्या संशोधकांनी, पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांनी, तेथे उत्खनन केले. एका वाड्याच्या जमिनीखाली त्यांना झाकण लावलेली मातीची भांडी सापडली. त्यांत सापांचे सांगाडे होते. काहींत सापाबरोबर एखादा मणी होता, एकात मोती. ही पुरणे साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातील, म्हणजे आपल्या यिर्मया आणि यहेज्केल संदेष्ट्यांच्या काळाच्या आसपासची. बिबी यांना यावरून गिल्गमेशची गोष्ट आठवली. अमर करणारी वनस्पती समुद्राच्या तळाशी बुडी मारून तो आणतो, वाटेत स्नानाला उतरतो, आणि तेवढ्यात साप ती खाऊन जातो. गिल्गमेशचा त्यात काही अपराध नाही. तो आंघोळ करीत होता, एवढेच. एदेनमध्येही सापच आहे, पण तो नुसता बोलतो. फळाला हात घालतात ती माणसे, आणि मग एकमेकांकडे बोट दाखवितात.

घराच्या जमिनीत, उंबरठ्याशी काहीतरी पुरून अनिष्ट बाहेर ठेवावे, ही रीत साऱ्या मेसोपोटेमियात होती. तेथील समजुतीप्रमाणे दाराशी दबा धरून बसणारी भुते होती. त्यांचे अक्कादी नाव राबिसू. त्यांना रोखायचे ते मंत्राने, ताइताने, पुरलेल्या मूर्तींनी. हे डोक्यात ठेवून बेरेशीथचा चौथा अध्याय वाचावा. काईनाचे अर्पण नाकारले गेले आहे, हाबेलाचे स्वीकारले गेले आहे. का, ते तोरा स्पष्ट सांगत नाही. काईनाचे तोंड उतरले आहे. खून अजून झालेला नाही. अशा क्षणी परमेश्वर त्याच्याशी बोलतो आणि त्याला सांगतो की दाराशी काहीतरी दबा धरून बसले आहे, त्याची ओढ तुझ्याकडे आहे, पण त्याच्यावर ताबा तू ठेवू शकतोस. दबा धरून बसणाऱ्यासाठी हिब्रू शब्द आहे रोवेत्स. तो आणि राबिसू एकाच धातूचे. पुष्कळ अभ्यासकांच्या मते येथे त्या जुन्या दारच्या भुताचीच सावली आहे. पण तोरा त्याला हत्ताथ म्हणते, पाप म्हणते. भूत गेले, आणि त्याच्या जागी काईनाचा स्वतःचा मत्सर आला. मंत्र गेला, आणि त्याच्या जागी एक क्रियापद आले: तिमशोल. तू सत्ता चालव. तू चालवशील, तू चालवू शकतोस, तू चालवलीच पाहिजेस, असे तिन्ही अर्थ त्याचे करता येतात आणि भाषांतरकार त्यावर भांडत आले आहेत. भांडोत बापडे. तिन्हींत कर्ता माणूसच आहे.

आपल्या पूर्वजांनी योम किप्पूरचे हिब्रू नाव विसरल्यावर त्या दिवसाला दारफळणी म्हटले. दारे लावून घ्यावीत, दिवसभर बाहेर पडू नये, कोणाला आत घेऊ नये. दुसऱ्या दिवशी शिळा सण, भेटीगाठी आणि दानधर्म. या नावाचा उगम काईनाच्या दारात आहे, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण दार बंद केल्यावर आत कोण उरते, हा प्रश्न तो सण आपोआप विचारतो. बाबेलच्या माणसाने दार बंद केले असते ते बाहेरच्याला अडवण्यासाठी. आपण उपाशी आत बसतो ते ज्याच्याशी हिशेब करायचा तो आतच आहे म्हणून. मेझुझाविषयीही हेच. तिच्यात देवदूतांची नावे लिहून तिचा ताईत करणाऱ्यांना रामबामने कडक शब्दांत दोष दिला आहे.

कोकणात शेजारच्या घरी बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाई येऊन कपाळी नशीब लिहून जाते, अशी समजूत आपण सर्वांनी ऐकली आहे. नशीब हा शब्द तर अरबीच; येथे अस्करमध्येही तो रोज कानी पडतो. त्या समजुतीत सांत्वन आहे, हे मी नाकारीत नाही. ज्याच्या हातात काही नव्हते, त्याला तुझ्या हातात होते असे सांगणे क्रूरपणाचे ठरते. पण तोच शब्द दुसऱ्याच्या दुःखाविषयी वापरला की त्याची धार बदलते.

कायद्याकडे थोडक्यात पाहू, कारण नीती काव्यात सुंदर दिसते आणि कायद्यात उघडी पडते. हम्मुराबी इ.स.पू. अठराव्या शतकातला. त्याचा शिलास्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात एक कलम असे की, गवंड्याने कच्चे घर बांधले, ते कोसळले आणि घरमालकाचा मुलगा मेला, तर गवंड्याच्या मुलाला मारावे. दुसरे असे की, एखाद्याने स्वतंत्र पुरुषाच्या गरोदर मुलीला मारहाण केली आणि ती दगावली, तर मारणाऱ्याच्या मुलीला मारावे. गणित बरोबर आहे: तुझा गेला, त्याचाही जावो. फक्त त्या मुलाने आणि त्या मुलीने काय केले होते, हे कोणी विचारलेले नाही. ती बापाच्या मालमत्तेत जमा.

शेमोथच्या एकविसाव्या अध्यायात मारका बैल येतो. हम्मुराबीकडेही तो आहे. मालकाला सूचना देऊनही त्याने शिंगे बोथट केली नाहीत आणि बैलाने माणूस मारला, तर अर्धा मिना चांदी दंड. तोरेचे शासन अधिक कठोर आहे, मालकाच्या जिवावरचे, मात्र खंडणी देऊन सुटका शक्य. आणि मग एक छोटेसे वाक्य येते की, बैलाने मुलाला किंवा मुलीला मारले तरी हाच नियम लागू. सहज वाचणाऱ्याला ते फालतू वाटते. मुलगा काय, मुलगी काय, माणूसच ना? हम्मुराबीची ती दोन कलमे वाचल्यावर त्या वाक्याचा रोख कळतो. मालकाच्या मुलाला हात लावायचा नाही. ज्याचा बैल, त्यानेच उत्तर द्यायचे. देवारीमच्या चोविसाव्या अध्यायात हे सर्वसाधारण नियम म्हणून येते: बापाच्या अपराधासाठी मुलाला आणि मुलाच्या अपराधासाठी बापाला देहान्त नाही. अमस्या राजाने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना मारले, पण त्यांची मुले सोडली, आणि त्याचे कारण म्हणून राजांच्या पुस्तकात हाच नियम सांगितला आहे. एवढेही सांगितले पाहिजे की, त्याच शेमोथमध्ये गुलाम मेला तर तीस शेकेल चांदी, असा वेगळा हिशेब तसाच राहिला आहे.

आणि येथून माझा मार्ग अवघड होतो. कारण तोरा याविषयी एका आवाजात बोलत नाही. दहा आज्ञांतच वडिलांच्या अधर्माचा झाडा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेण्याची भाषा आहे. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोच्या लुटीतली वस्तू चोरणाऱ्या आखानाबरोबर त्याची मुलेबाळेही संपविली गेली. शौलाच्या पापासाठी दावीदाच्या काळात त्याच्या सात वंशजांना फाशी दिले गेले. त्यांपैकी दोघांची आई रिस्पा कापणीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत त्या प्रेतांपाशी खडकावर बसून राहिली, दिवसा पाखरे आणि रात्री श्वापदे हाकीत. पुस्तक तिच्या तोंडी एक शब्दही घालीत नाही. दावीदाने अखेर अस्थी गोळा करून पुरल्या, त्या तिचे ऐकून.

बंदिवासात गेलेल्या आपल्या लोकांत एक म्हण रूढ झाली होती: द्राक्षे वाडवडिलांनी खावीत आणि दात आपले आंबावेत, अशा अर्थाची. यरुशलेमचा नाश इ.स.पू. ५८६ मधला. त्याआधीच, ५९७ साली नेलेल्यांबरोबर यहेज्केल बाबेलात खबार कालव्याकाठी राहत होता. त्या म्हणीत तक्रार होती, तसा आरामही होता: दोष मनश्शे राजाचा, आमच्या हाती काय? यहेज्केलाने अठराव्या अध्यायात ती म्हण मोडीत काढली. त्याने तीन पिढ्यांचे उदाहरण घेतले, सज्जन बाप, दुर्जन मुलगा, आणि त्याचा सज्जन नातू, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा लावला. त्याहून पुढे जाऊन म्हटले की, एका माणसाच्या आयुष्यातही काल आजला बांधून ठेवीत नाही. वळला, तर वळला. तल्मूदमधील मक्कोथ या भागात रब्बी योसे बर हनिना यांनी ज्या धीटपणाने हे मांडले, त्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ते म्हणतात की मोशेने दिलेला पिढ्यांचा निवाडा यहेज्केलाने येऊन रद्द केला. मोशेचा! आणि हे तल्मूदमध्ये छापलेले आहे.

फारोचे काय, असे कोणीतरी विचारीलच. त्याचे हृदय परमेश्वरानेच कठीण केले, तर त्याचा दोष काय? पहिल्या पाच पीडांत फारोने स्वतःच आपले मन घट्ट केले आहे. परमेश्वराने ते कठीण केल्याचा उल्लेख सहाव्या, फोडांच्या पीडेपासून येतो. ज्याने पाच वेळा दार स्वतः लावले, त्याच्या हाताला पुढे कडी सापडेनाशी झाली, असा अर्थ आपले विद्वान लावतात. मला तो पटतो, पूर्णपणे नव्हे.

आता आपल्याविषयी. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बिनातीने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिली की, बेने इस्राएल वधू किंवा वर असेल, तर आईकडील घराण्याची जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. शंका अशी की, कोकणातल्या अनेक शतकांत कोणाचा घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाला नसेल, आणि मग पुनर्विवाहाची संतती ममझेर ठरेल. आणि ममझेरावर देवारीमच्या तेविसाव्या अध्यायात दहा पिढ्यांपर्यंतची बंदी आहे. न पाहिलेल्या खापरपणजीच्या न सापडणाऱ्या कागदासाठी तरुण मुलामुलींची लग्ने अडली. आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने विशेष अधिवेशन घेऊन बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले, आणि रब्बिनातीने त्या सूचनेतून आपल्या समाजाचे नाव काढले.

हा इतिहास आपण मुलांना सांगतो, आणि सांगावाच. पण त्याच्या आधीचे एक पान आपण चटकन उलटतो. आपल्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. केहीमकरांनी १८९७ साली लिहिलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात तो नमूद आहे. काळे इस्राएल म्हणजे कोण, तर ज्यांच्या पूर्वजाने कधी काळी समाजाबाहेरच्या स्त्रीशी संबंध केला, असे मानले जाई, ते. त्यांच्याशी सोयरिक होत नसे. पंगतीत आणि मानपानात त्यांची जागा वेगळी. किती पिढ्या? कोणी मोजल्या नव्हत्या. दहा मोजणाऱ्या तोरेला निदान शेवट होता. १९६२ मध्ये जे आपल्याला विचारले गेले, ते आपण आपल्याच माणसांना कितीतरी आधी विचारून मोकळे झालो होतो, आणि उत्तराची वाटही पाहिली नव्हती. द्राक्षे कोणी खाल्ली होती, आणि दात कोणाचे आंबले? सोयरीक ठरवताना ते घराणे तसले, एवढे म्हणून विषय संपविण्याची रीत अजून पूर्णपणे गेली आहे, असे छातीवर हात ठेवून कोणी सांगावे.

वायिक्रा रब्बा या मिद्राशमध्ये दानिएल नावाच्या एका विद्वानाचे विवेचन आहे. त्याचे टोपणनाव हय्याता, म्हणजे शिंपी. कोहेलेथच्या चौथ्या अध्यायात गांजलेल्यांच्या अश्रूंचा उल्लेख आहे आणि त्यांना सांत्वन करणारा कोणी नाही, असे म्हटले आहे. हे गांजलेले कोण? आपण म्हणू, मिसरातले दास, बाबेलचे बंदी. दानिएल शिंपी म्हणतो, हे ममझेर. यांच्या आईबापांनी पाप केले, यांनी काय केले? आणि यांना गांजणारे कोण, तर इस्राएलचे वरिष्ठ न्यायमंडळ, तोरेच्या बळावर, तोरेतलेच वचन पुढे करून त्यांना दूर लोटणारे. यावर परमेश्वर म्हणतो की, मग त्यांचे सांत्वन करणे माझ्याकडे लागले; या जगात त्यांना गाळ म्हणतात, पण येणाऱ्या जगात ते शुद्ध सोने आहेत.

दारफळणीचा उपवास सर्वांना हलका जावो, आणि वर्ष चांगले लिहिले जावो. शालोम.